पत्र्याच्या पोटातली वावटळ

लग्न होऊन मी ठाण्याहून कल्याणला आले, तेव्हा सासरची माणसं कशी असतील याची धास्ती मनात होती. धुळीची धास्ती मात्र मला कुणी घातली नव्हती.

आमचं बिऱ्हाड भाताच्या गिरणीच्या आवाराला लागून होतं. आमचे हे त्या गिरणीत इंजिन आणि बॉयलर सांभाळत. मुंबईला यंत्रकाम शिकून, बॉयलरची परीक्षा देऊन आले होते, म्हणून गिरणीच्या शेठनी राहायला जागाही दिलेली. दिवाळी सरली की डोंबिवलीकडून, खडवलीकडून भाताच्या गाड्या यायला लागत आणि गिरणीचा पंखा जो घोंघावायला लागे तो उन्हाळा येईपर्यंत. भात भरडताना तुसाबरोबर जी बारीक, पिवळसर धूळ सुटे ती पिठासारखी दिसे, पण अंगाला लागली की कुसळासारखी खाजे. पिण्याच्या पाण्यावर तिची साय धरे. समईतल्या तेलात ती तरंगे. पापड वाळत घालावेत तर ते आपोआपच पिठी लावल्यासारखे होत. मी पहिल्या महिन्यात दिवसातून किती वेळा केर काढत असेन ते सांगता यायचं नाही. नंतर सवय झाली म्हणण्यापेक्षा हात थकले म्हणावं.

घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि मामंजी. सासूबाई मी येण्याआधीच वारल्या होत्या. मामंजींनी सारा जन्म सरकारी मराठी शाळेत पंतोजी म्हणून काढला होता, आणि आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. उजेड आणि अंधार एवढंच त्यांना कळे. सकाळी उठले की ते खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवत आणि म्हणत, "काल गिरण उशिरापर्यंत चालली वाटतं." धुळीचा थर किती आहे त्यावरून ते सांगत, आणि ते बरोबर असे.

मला माहेरी जुजबी अक्षरओळख होती. मामंजींनी ती वाढवली. मी अंगणात काही करत असले की त्यांची हाक येई, "मुली, काय दिसतंय सांग." मग रस्त्यावरून कोण गेलं, गाडीला बैल कुठल्या रंगाचे, धुराड्यातून धूर सरळ जातोय की खाडीकडे वळलाय, सगळं मला सांगावं लागे. नुसतं "धूर दिसतो" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "कसा दिसतो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. सांगायचं म्हणून मी नीट बघायला लागले, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगलं.

गिरणीतली धूळ बाहेर जाऊ नये म्हणून काहीच केलेलं नव्हतं असं नाही. भरडायच्या यंत्रावरची हवा पंखा ओढून घेई आणि लाकडी नळातून एका लांब, बंद खोलीत सोडी. त्या खोलीच्या खिडक्यांना गोणपाट ताणून लावलं होतं. हवा गोणपाटातून झिरपून बाहेर जावी आणि धूळ आत बसावी, अशी योजना. या खोलीला सगळे धूळकोठी म्हणत. पण गोणपाटाची भोकं बुजत, मग हवा फटीफटीतून धूळ घेऊनच बाहेर पडे. म्हणून रोज दुपारी पंखा थांबवून तीन बाया तोंडाला फडकी बांधून आत जात, गोणपाट काठीने झोडपत आणि पाट्या भरभरून धूळ बाहेर आणत.

त्यांतली एक आमच्या मागच्या दारी पाणी प्यायला येई. वयाने माझ्या आईएवढी होती. गिरण येण्याआधी ती घरोघर भात कांडायची, त्यामुळे गावात तिला सगळे ओळखत. मी तिला मावशी म्हणत असे. ओंजळीत पाणी घेऊन ती आधी चूळ भरी, मग खोकत बसे, आणि मग पाणी पिई. त्या खोकल्याची मामंजींना इतकी ओळख झाली होती की ती फाटकातून आत आली की ते म्हणत, "मावशीला पाणी दे गं."

एके दिवशी दुपारी धूळकोठीकडून आरडाओरडा ऐकू आला. मी धावत कुंपणापाशी गेले. धुळीच्या ओझ्याने फुगलेलं गोणपाट चौकटीसकट आत कोसळलं होतं आणि दारातून पिवळ्या ढगांचे लोट बाहेर येत होते. दोघी बाया डोळे चोळत बाहेर पडल्या. तिसरी आली नाही. हे इंजिनघरातून धावत आले, डोक्यावरून पाण्याची बादली ओतून घेतली आणि ओल्या पंच्याने तोंड झाकून आत शिरले. बाहेर आले ते मावशीला दोन्ही हातांवर घेऊन.

तिला आमच्या ओटीवर ठेवलं. तिचं तोंड, केस, लुगडं, सगळं एकाच रंगाचं झालं होतं, जणू मातीची घडवलेली बाईच. मी तोंडावर पाणी मारत होते आणि पाण्याबरोबर चिखल ओघळत होता. मामंजी भिंत चाचपत बाहेर आले.

"श्वास चाललाय का? काय दिसतंय, सांग ना!"

"पापण्या हलताहेत," मी म्हणाले.

मग ती खोकायला लागली. तो खोकला किती तरी वेळ थांबला नाही, आणि तरी तो ऐकून आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी तिचा भाऊ येऊन तिला गाडीतून घरी घेऊन गेला.

जेवताना मामंजींनी घास हातात तसाच धरला आणि विचारलं, "उद्या त्या खोलीत पुन्हा कुणाला पाठवणार आहेस?"

"मी कुठे पाठवतो, बाबा? मुकादम पाठवतो."

"आणि पंखा कोण फिरवतं?"

ताटातला भात न संपवताच हे हात धुवायला उठले.

त्या रविवारी हे मुंबईला गेले. तिथल्या एका पिठाच्या गिरणीत ह्यांच्या बरोबर शिकलेला एक जण कामाला होता. दिवेलागणीला परत आले ते वेगळेच होऊन आले. चपला काढायच्या आधी कोनाड्यातली वाण्याची रिकामी पुडी उचलली, तिचं टोक खाली करून आमच्यासमोर धरली आणि म्हणाले, "बाबा, असा एक पत्र्याचा डबा पाहिला मी. वर गोल पिंप, खाली निमुळता. दोन पुरुष उंच. बाजूने धुळीची हवा आत जाते. पण सरळ नाही, कडेला घासून. त्यामुळे ती आत गरगर फिरायला लागते. फिरता फिरता धूळ पत्र्याला चिकटते आणि घसरत घसरत टोकातून खाली पडते. आणि मधल्या नळीतून वर येते ती स्वच्छ हवा."

"आत चाळण असेल," मामंजी म्हणाले.

"नाही."

"कापड?"

"कापड नाही, चाळण नाही, फिरणारं चाक नाही. आत काहीच नाही, बाबा. मी वाकून पाहिलंय. नुसती पोकळी."

"मग धूळ काढतं कोण?" मी विचारलं. मला हे थट्टा करताहेत असंच वाटलं होतं.

"वाराच काढतो," हे म्हणाले. आणि स्वतःचंच बोलणं खरं न वाटल्यासारखे थोडा वेळ हातातल्या पुडीकडे बघत राहिले.

शेठचं मन वळवायला ह्यांना फार दिवस लागले नाहीत. बॉयलरच्या इतक्या जवळ सुक्या धुळीने भरलेली खोली, तिला कधी आग लागेल याची शेठना भीती होतीच. पुढे काही महिन्यांनी मालगाडीतून कल्याण स्टेशनात पत्र्याचे वाकवलेले तुकडे उतरले आणि बैलगाडीतून गिरणीत आले. ते रिव्हेटांनी जोडून गिरणीच्या छपरालगत लाकडी मचाणावर उभे केले, तेव्हा देवळाचं शिखर कुणी उलटं करून टांगावं तसं काहीतरी आमच्या अंगणातून दिसायला लागलं. आत वारा फिरणार असं कळल्यावर गिरणीतले लोक त्याला वावटळीचा डबा म्हणू लागले. वावटळीत भूत असतं असं मानणारी माणसं ती. बाया त्याच्या खालून जाताना पदर तोंडावर घेत.

मावशी बरी होऊन कामावर परत आली होती. मान वर करून तिने तो डबा एकदा पाहिला आणि मला म्हणाली, "बाय, ह्याच्यात वारा कोंडणार म्हनतात. वारा कुनी कोंडलाय कधी?"

"मलाही तेच कळत नाही, मावशी," मी म्हणाले.

डबा सुरू करायच्या दिवशी नारळ फोडले. शेठ आपल्या गाडीतून आले. मामंजी ओटीवर येऊन बसले आणि मी त्यांच्याजवळ उभी राहिले. पंख्याचा आवाज चढत गेला. पत्र्यातून घरघर ऐकू येऊ लागली. आणि डब्याच्या वरच्या नळीतून पिवळ्या धुळीचा एक मोठा लोट उसळला आणि आभाळात चढला.

"काय दिसतंय?"

"धूळ वर जातेय, मामंजी. सगळीच्या सगळी. पिसाऱ्यासारखी पसरतेय."

पूर्वी धूळ फटींतून गुपचूप येत होती. आता ती छपराच्या उंचीवरून साऱ्या आळीवर पडली. दोरीवरच्या कपड्यांवर पडली, प्रसादाच्या खोबऱ्यावर पडली, शेठच्या पागोट्यावर पडली. शेजारपाजारचे लोक फाटकाशी येऊन बोलायला लागले. शेठ गाडीत बसून निघून गेले. मामंजींनी हात पुढे केला. तळव्यावर जमलेली धूळ अंगठ्याने चाचपली आणि हात धोतराला पुसला.

धूळकोठी पुन्हा सुरू झाली. हे रात्री झोपेतसुद्धा बोटाने अंथरुणावर गोल काढत. मग एका भर दुपारी हे घरी आले, सरळ देवघरात गेले आणि उदबत्त्यांचा जुडगा उचलला.

"आता कसली पूजा?" मामंजींनी माजघरातून विचारलं.

"पूजाच समजा," म्हणून हे बाहेर पडले. मीही मागोमाग कुंपणापर्यंत गेले.

डब्याचं खालचं टोक एका लाकडी पेटीत सोडलेलं होतं. धूळ त्या पेटीत पडायची होती. ह्यांनी पंखा चालू करायला सांगितला, पेटीपाशी उकिडवे बसले आणि उदबत्ती पेटवून झाकणाच्या फटीजवळ धरली. धुराने वर जायला हवं होतं. तो आडवा झाला आणि सुईत दोरा ओवावा तसा फटीतून आत ओढला गेला. ह्यांनी उदबत्ती दुसऱ्या फटीपाशी नेली. तिथेही तेच. हे एकदम मोठ्याने हसले. लग्नानंतर इतक्या मोठ्याने हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"कळलं! अगं, कळलं!" मुकादम उभा आहे, मावशी उभी आहे, कशाचं भान न ठेवता हे मला हाक मारून सांगू लागले. "वावटळीचा मधला भाग ओढून घेतो सगळं. खालच्या फटींतून हवा आत शिरते आणि पडलेली धूळ पुन्हा उचलून वर नेते. डबा चांगला आहे. आम्हीच त्याचं बूड उघडं ठेवलं!"

मग पेटी काढून टाकली. टोकाला जाड किंतानाचं पोतं काथ्याच्या दोरीने करकचून बांधलं, आणि सांधे लिंपायला माती हवी म्हटल्यावर मावशी पुढे झाली. तिने आणि बाकीच्या दोघींनी माती आणि तूस तुडवून मळलं आणि पत्र्याच्या सांध्यांवर, नळाच्या जोडांवर चुलीला हात फिरवावा तसे हात फिरवले. आत भूत असल्याची भीती तिला आता वाटत होती की नाही, कोण जाणे.

या वेळी नारळ नव्हते, शेठ नव्हते, कुणाला बोलावलंही नव्हतं. माती वाळल्यावर एका सकाळी नुसताच पंखा सुरू झाला. मी आणि मामंजी ओटीवर होतो.

"काय दिसतंय?"

मी डोळ्यांवर हात धरून बघत होते. "काही नाही."

"पंखा सुरू झालाय, ऐकू येतोय मला. काय दिसतंय?"

"काहीच नाही, मामंजी. नळी दिसते. तिच्यावर आभाळ दिसतं."

"नुसतं आभाळ?"

"नुसतं. निळं." मग मला आणखी एक गोष्ट दिसली आणि मी ती सांगितली. "नळीच्या पलीकडचा पिंपळ थोडा थरथरल्यासारखा दिसतोय. पाण्यातून बघावं तसा. बाकी काही नाही."

मामंजी उठून उभे राहिले. "मला वर ने," ते म्हणाले.

ह्यांनी खूप समजावलं. शिडी उभी आहे, मचाण अरुंद आहे, खाली बघाल तर... आणि इथे हे थांबले, कारण खाली बघणं त्यांना शक्यच नव्हतं. मामंजी म्हणाले, "मी पडलो तर तुझ्या अंगावर पडेन. तू खालून चढ." शेवटी पुढे मी, मध्ये मामंजी आणि मागून हे, असे आम्ही चढलो. मी पदर खोचला होता. गिरणीतली माणसं बघत होती. कल्याणातल्या चार घरांत याची चर्चा होणार हे मला ठाऊक होतं, आणि ती झालीही. पण त्या क्षणी मला पायऱ्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

वर पोचल्यावर मी मामंजींचा हात धरून नळीवर नेला. वाऱ्याने त्यांचा हात वर उचलला गेला. त्यांनी तो पुन्हा खाली नेला आणि वाऱ्यात तसाच धरून ठेवला. मग अंगठा बोटांवर घासला. पुन्हा धरला, पुन्हा घासला. चौकटीवरची धूळ चाचपून गिरण किती चालली हे सांगणारी ती बोटं होती. त्यांना काही सापडत नव्हतं.

मग त्यांनी वाकून सगळं तोंडच त्या वाऱ्यात धरलं. शेंडी उडाली, उपरणं फडफडलं. ते खोल श्वास घेत होते. मी त्यांचा दंड घट्ट धरला, कारण याच हवेने मावशीला आमच्या ओटीवर आणून टाकलं होतं, आणि मामंजी ती छातीत भरून घेत होते. त्यांना ठसका लागेल म्हणून मी वाट बघत राहिले. तो लागला नाही.

तोंड वर करून ते म्हणाले, "तांदळाचा वास येतो. धूळ नाही, नुसता वास." मग जरा थांबून म्हणाले, "सूप नाही, चाळण नाही. वारा स्वतःच स्वतःला पाखडतोय."

त्यांच्यानंतर मी हात धरला. वारा कोमट होता आणि जोरात येत होता. मी दुसरा हात डब्याच्या पत्र्यावर ठेवला, तर पत्रा बारीक कापत होता. कान लावून ऐकलं तेव्हा आत वाळू ओतावी तशी सळसळ अखंड चालली होती. माझ्या कानापासून बोटभर अंतरावर ती सगळी धूळ गरगरत खाली उतरत होती, आणि माझ्या तळहातावर तिचा कणही येत नव्हता. आत काही नाही, हे मला माहीत होतं. ह्यांनी वाकून पाहिलं होतं. पत्र्याचा एक आकार, एवढंच. त्या आकारात शिरल्यावर वाऱ्याला वळावं लागतं, आणि वळला की त्याच्या हातातलं ओझं सुटतं. हे कुणी शोधून काढलं असेल, त्याला ते कसं सुचलं असेल, याचा विचार करता करता मला देवळाच्या गाभाऱ्यात उभं असल्यासारखं वाटायला लागलं. मी नमस्कार केला. कशाला केला ते मला आजही सांगता येणार नाही. ह्यांनी पाहिलं, पण हसले नाहीत.

खाली उतरलो तर मावशी पोत्याजवळ उभी होती. पोतं हळूहळू फुगत होतं आणि ती त्यावर हात ठेवून होती.

"भरतंय, बाय," ती म्हणाली. "कुनी हात नाय लावला तरी भरतंय."

"वर जाऊन बघतेस?" ह्यांनी तिला विचारलं.

ती गेली. वर ती बराच वेळ होती. उतरून आली तेव्हा तोंडाला बांधायचं फडकं तिच्या हातात होतं. ते झटकून तिने खांद्यावर टाकलं आणि ती आमच्या मागच्या दारी येऊन पाणी प्यायली.

धूळकोठी बंद झाली. तिघींपैकी दोघींना गिरणीत दुसरं काम मिळालं नाही, त्या आपापल्या गावी गेल्या. मामंजींनी ह्यांना त्याबद्दलही विचारलं. मावशीला अंगणात बसून तांदळातले खडे वेचायचं काम मिळालं. तिचा खोकला कमी झाला, पण गेला नाही. छातीत आधी जाऊन बसलं होतं ते कुठल्या डब्याने काढायचं? काही वर्षांनी ती लेकीकडे खडवलीला राहायला गेली. जाताना भेटून गेली.

धूळ अगदीच संपली असं झालं नाही. गाड्या उतरवताना उडायची ती उडेच. पण सकाळी चौकटीवरून बोट फिरवून मामंजींना आता काही सांगता येईना, आणि त्याची त्यांना मोठी गंमत वाटे. घरी कुणी पाहुणा आला की चहा-पाण्याच्या आधी ते त्याला कुंपणाशी घेऊन जात आणि विचारत, "वर बघा. काय दिसतंय?" पाहुणा बिचारा बघ बघ बघे आणि म्हणे, "काही दिसत नाही बुवा." मामंजींचा चेहरा असा खुले, की त्या पाहुण्याला आपण काय मोठं बोललो ते कळत नसे.

मामंजी गेल्यावर ह्यांना ठाण्याला नोकरी लागली आणि आम्ही कोपरीला राहायला आलो. त्यानंतर मी पुष्कळ यंत्रं पाहिली. बोलणारी पेटी पाहिली, विजेचा दिवा पाहिला, आणि चकितही झाले. एकदा मी ह्यांना विचारलं होतं, त्या दिवशी वर असताना तुम्हाला काय वाटलं? हे म्हणाले, "भीती वाटली. इतकं सोपं असूनही आम्ही इतकी वर्षं माणसं आत पाठवत होतो, याची."

मी त्यांच्या पाटाजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि पानं वाढायला घेतली.